काळ्या डोंगरांच्या पायथ्याचें माळरान

अमेरिका म्हटलें कीं आमच्याकडील बहुतेक मंडळींच्या डोळ्यांपुढें उंच इमारती व नायगाराचा धबधबा हीं दोनच चित्रें उभीं राहतात. मुलांकडे चार महिने राहून परतणारे आईबापही बहुधा याच दोहोंचें वर्णन घेऊन येतात. परंतु त्या देशाचा मध्यभाग म्हणजे शेंकडों कोस पसरलेलें गवताळ मैदान आहे, त्यास तिकडे ‘प्रेअरी’ म्हणतात, आणि त्या देशाचा इतिहास जितका शहरांत घडला तितकाच या गवतांत घडला, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. गतवर्षीं जून महिन्यांत चिरंजीवांच्या आग्रहावरून साउथ डकोटा संस्थानांतील कस्टर उद्यानांत एक संपूर्ण दिवस माळावर हिंडण्याचा योग आम्हांस आला. त्याची हकीकत व त्या अनुषंगानें सुचलेले विचार वाचकांपुढें ठेवीत आहों.

उद्यान म्हणजे फुलझाडांची बाग अशी कोणी समजूत करून घेऊं नये. सुमारें ७१,००० एकरांचा हा मुलूख आहे. त्याच्या एका अंगास ब्लॅक हिल्स नांवाचे डोंगर आहेत. पाइन वृक्षांच्या दाटीमुळें ते दुरून काळे दिसतात, म्हणून तें नांव. तेथील मूळचे लाकोटा लोकही त्यांस ‘पाहा सापा’, म्हणजे काळे डोंगर, असेंच म्हणतात. या डोंगरांचा ग्रॅनाइट सुमारें १७० कोटी वर्षांचा आहे. आमच्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. तेव्हां त्यापुढें तो अगदींच बालक म्हणावयाचा! डोंगर उतरूं लागले कीं झाडें विरळ होत जातात आणि लाटांसारख्या टेकड्यांवर नजर पोंचेल तेथवर गवत दिसूं लागतें.

येथें एका शब्दाचा खुलासा करावासा वाटतो. ‘जंगल’ म्हणतांच आपणांस दाट अरण्य आठवतें. परंतु संस्कृतांतील ‘जांगल’ शब्दाचा अर्थ जवळजवळ उलट आहे. पाणी थोडें, झाडें विरळ, वारा मोकळा, असा उघडा प्रदेश तो जांगल. आणि पाणथळ, दाट झाडीचा तो आनूप. आयुर्वेदांत हा भेद प्रसिद्धच आहे. प्रेअरीस याहून चपखल शब्द आम्हांस तरी सुचत नाहीं.

अशा मुलुखांत आपली गाडी घेऊन वाट सोडून जातां येत नाहीं. त्यासाठीं माहीतगार वाटाड्या व उंच चाकांची उघडी जीप भाड्यानें घ्यावी लागते. आमची वाटाडी मध्यम वयाची बाई होती. वर्षाचे नऊ महिने ती शाळेंत शिकविते व सुट्टींत हें काम करते, हें कळतांच आमचा धंदाबंधुत्वाचा जिव्हाळा जागा झाला. डांबरी सडक सोडून जीप मातीच्या चाकोरीस लागली, तेव्हां प्रथम आमच्या सौभाग्यवतींनीं दोन्ही हातांनीं दांडा घट्ट धरला. ओढ्यांचे चढउतार, खडकांची पायरी, मध्येंच टेकडीची उभी चढण. बैलगाडींतून कोंकणचा घाट उतरलेल्यांस हे धक्के नवे नव्हेत, एवढेंच सांगतों.

पहिला मुक्काम ‘प्रेअरी डॉग’ नांवाच्या जनावरांच्या वसाहतीपाशीं झाला. नांवांत कुत्रा असला तरी हा खारीच्या कुळांतला प्राणी. हजारों बिळें, प्रत्येक बिळाच्या तोंडाशीं मातीचा उंचवटा, आणि त्यावर मागल्या पायांवर उभा राहून टेहळणी करणारा पहारेकरी. ससाणा दिसला कीं तो ओरडतो व क्षणांत सारा गांव भूमिगत होतो. पलीकडे ‘प्रॉन्गहॉर्न’ चरत होतीं. त्यांस हरिण म्हणण्याचा मोह होतो; पण हरणाचें शिंग समूळ गळतें, काळविटाचें मुळींच गळत नाहीं, आणि या प्राण्याचें आंतलें हाड राहून वरचें आवरण मात्र दरसाल गळतें. धांवण्यांत चित्त्याखालोखाल याचाच क्रम लागतो.

दुपारच्या सुमारास एका खोलगट भागांत आम्हांस बायसनांचा कळप भेटला. न्यायशास्त्रांत उपमान प्रमाण शिकवितांना, गवय न पाहिलेल्या माणसास तो गाईसारखा असतो असें सांगतात व त्यावरून तो रानांत गवय ओळखतो, हा दृष्टांत आम्ही विद्यार्थ्यांस अनेक वर्षें सांगत आलों. बायसनाच्या बाबतींत मात्र हें प्रमाण अपुरें पडतें. राधानगरीच्या रानांतील गव्यासही इंग्रज शिकाऱ्यांनीं ‘बायसन’ म्हणण्याची चाल पाडली, तरी दोन्ही प्राणी भिन्न. याची खांद्याची उंची सहा फूट, नराचें वजन ९०० किलोपर्यंत, डोकें व पुढचा भाग दाट लोकरीनें झांकलेला आणि मागला भाग एखाद्या दुसऱ्याच जनावराचा जोडल्यासारखा सडपातळ. एवढें धूड ताशीं ५५ किलोमीटर वेगानें धांवतें. त्यानें शेंपटी वर उभारली कीं तो रागावला असें समजावें, असें बाईंनीं आधींच बजावलें होतें. तांबूस रंगाचीं वासरें आयांच्या पायांत घोटाळत होतीं. आमचा नातू एरव्हीं क्षणभर गप्प बसत नाहीं. तो अर्धा तास बोलला नाहीं.

एके काळीं या खंडांत बायसनांची संख्या तीन कोटींहून अधिक होती असा अंदाज आहे. कातड्यांच्या व्यापारासाठीं व मूळच्या लोकांचा अन्नाधार तोडण्यासाठीं त्यांची अशी कत्तल झाली कीं, १८८९ च्या सुमारास सारीं मिळून हजारभर उरलीं. त्या संहारांतून दुप्री नांवाच्या एका कुटुंबानें कांहीं वासरें वाचविलीं. त्या घरची गृहिणी लाकोटा होती. पुढें तो कळप स्कॉटी फिलिप नांवाच्या गृहस्थाकडे आला, आणि त्यांतून ३६ जनावरें १९१४ सालीं येथें आणण्यांत आलीं. आज उन्हाळ्यांत वासरांसुद्धां ही संख्या सुमारें तेराशें भरते.

येथें एक प्रश्न उभा राहतो. दर सप्टेंबरांत घोडेस्वार हा सारा कळप हांकून कोंडवाड्यांत आणतात, वासरांस लस टोंचतात आणि कांहीं शें जनावरांचा पुढें लिलांव होतो. त्यांतील कांहीं इतरत्र कळप वाढविण्यास जातात, कांहीं खाटकाकडे. ही गोष्ट ऐकून आमच्या घरच्या मंडळींस वाईट वाटलें व सौभाग्यवतींनीं तसें सुनेकरवीं बोलूनही दाखविलें. बाई रागावल्या नाहींत. लांडगे नाहींसे झाले, कुंपण पडलें, आणि गवत मात्र तेवढेंच आहे. कळप बेसुमार वाढला तर आधीं माळ मरेल व मागून कळप मरेल, असें त्यांचें उत्तर होतें. आमचें मन त्यानें शांत झालें असें नव्हे. पण त्याचें खंडनही आम्हांस करतां आलें नाहीं. निसर्गाची घडी एकदां मोडली म्हणजे ती राखण्याचें कठोर काम मोडणाऱ्यांच्या वंशजांवर येतें, हेंच खरें.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. १८६८ च्या तहानें हे डोंगर लाकोटांस कायमचे दिले होते. १८७४ सालीं जनरल कस्टर फौज घेऊन आला, याच भागांतील फ्रेंच क्रीक ओढ्यांत सोनें सांपडलें, आणि १८७७ सालीं सरकारनें डोंगर काढून घेतले. १९८० सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें भरपाई देववली. ती रक्कम व्याजासह शंभर कोटी डॉलरांच्या वर गेली, तरी लाकोटांनीं तिला हात लावलेला नाहीं. आम्हांस पैसा नको, भूमि हवी, हें त्यांचें म्हणणें. येथील सर्वोच्च शिखरास एका सेनापतीचें नांव होतें, तें २०१६ सालीं बदलून ब्लॅक एल्क या लाकोटा साधुपुरुषाचें दिलें. परंतु उद्यानाचें नांव अद्यापि कस्टरचेंच आहे. जी भूमि कोणास मातेसमान आहे तिच्यावर आपण सहल करीत आहों, ही जाणीव प्रवाशानें ठेवावी.

आतां जाणाऱ्यांसाठीं चार व्यावहारिक गोष्टी. वारा बोचरा व ऊन कडक, यास्तव कानांवरून बांधतां येईल असा रुमाल व अंगांत गरम बंडी असावी. पाठीचा विकार असणाऱ्यांनीं मागल्या बांकावर बसूं नये. वाटेंत शाकाहारी अन्न मिळेलच असें नाहीं. सूनबाईंनीं दिलेल्या दशम्या व लसणीची चटणी यांनीं आमची वेळ भागली. बायसनापासून शंभर यार्ड दूर राहावें व छायाचित्राच्या मोहानें जीपखालीं उतरूं नये.

२०१७ च्या डिसेंबरांत या भागांत वणवा लागून सुमारें ५४,००० एकर भूमि होरपळली, तरी पुढल्या वसंतांत गवत पुन्हां उगवलें; कारण त्याचा जीव जमिनीखालीं, मुळांत असतो. आमच्याकडे सरकारी दप्तरांत माळरानास ‘पडीक’ म्हणण्याची रीत पडली आहे. सोलापुराजवळ नान्नजच्या माळावर माळढोकासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें, तरी तो पक्षी आतां तेथें दिसणें दुर्मिळ. मुलांस घाटांतील धबधबे दाखवावे, तसें एखादें वर्ष श्रावणांत त्यांस माळावरही न्यावें, आणि तेथें कोण राहतें हें त्यांच्या डोळ्यांनीं पाहूं द्यावें.