रुंद टायर, किती पकड?

पुण्यातल्या नाना पेठेत टायरच्या दुकानात उभे राहा. दहा मिनिटांत एखादा तरुण गाडी लावतो आणि विचारतो, "काका, यात जास्तीत जास्त किती चौडा बसेल?" काका वाकून टायरच्या बाजूवरचे आकडे वाचतात, रिमकडे नजर टाकतात आणि म्हणतात, "बसवायला काय, काहीही बसवू. घासलं तर मला सांगू नकोस."

या दोन वाक्यांत अपसाइझिंगचा, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठे टायर लावण्याचा, निम्मा विषय येऊन जातो. उरलेला निम्मा भौतिकशास्त्राचा.

उदाहरणाला पोलो जीटी टीएसआय घेऊ. ही गाडी चाकणच्या कारखान्यात बनली, 2013 मध्ये बाजारात आली आणि 2022 मध्ये पोलोचं उत्पादन थांबल्यावर सेकंडहँड बाजारात भलतीच लाडकी झाली. 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, 105 पीएस ताकद, 175 न्यूटन-मीटर टॉर्क आणि चालकासह वजन धरलं तर ढोबळमानाने बाराशे किलो. सुरुवातीच्या गाड्यांना 185/60 आर 15 टायर होते. 185 ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, 60 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 60 टक्के, आणि 15 हा रिमचा इंचांतला व्यास. इंजिन दांडगं आणि टायर बारीक, ही या गाडीबद्दलची नेहमीची तक्रार. कंपनीनेच पुढे 195/55 आर 16 दिले. मालकमंडळींची नजर मात्र 205, 215, जमल्यास 225 वर.

आता शाळेतलं विज्ञान आठवा. घर्षण दोन पृष्ठभागांवरच्या दाबबलावर अवलंबून असतं, संपर्काच्या क्षेत्रफळावर नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ गियोम आमोंताँ याने 1699 मध्ये मांडलेला हा नियम आजही पाठ्यपुस्तकात आहे. वीट आडवी ठेवा की उभी, ओढायला जोर तेवढाच. हाच न्याय टायरला लावला तर 185 काय आणि 225 काय, पकड सारखीच यायला हवी. मग शर्यतीच्या गाड्यांना एवढे रुंद टायर का लावतात?

उत्तराआधी एक प्रयोग करून पाहा, सपाट जागी आणि हँडब्रेक ओढून. पुढचं चाक जॅकवर उचला, टायरच्या खालच्या भागाला खडूची पूड फासा, खाली काळा पुठ्ठा सरकवा आणि चाक हलकेच उतरवा. पुन्हा उचललंत की पुठ्ठ्यावर टायरचा ठसा मिळेल. पोलोच्या पुढच्या एका चाकावर साधारण साडेतीनशे किलो भार येतो. हवा 33 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.3 किलो. भागाकार केला की दीडशे चौरस सेंटिमीटर. ठसा चौदा-पंधरा सेंटिमीटर रुंद आणि दहाएक सेंटिमीटर लांब दिसेल. कडांशी तो गोलसर असेल आणि मधून खाचांच्या काळ्या रेघा गेलेल्या असतील. गाडी रस्त्याला धरून असते ती अशा चार ठशांवर.

आता त्याच गाडीला, तेवढ्याच हवेचा 215 चा टायर लावा. भार तोच, दाब तोच, त्यामुळे क्षेत्रफळही जवळपास तेच. टायरचा सांगाडाही थोडा भार पेलतो, म्हणून हा हिशेब तंतोतंत जुळत नाही, पण फार चुकतही नाही. बदलतो तो ठशाचा आकार: रुंदी वाढते, लांबी आखडते. "रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर" हे वाक्य दुकानात रोज ऐकू येतं. हवा कमी केली तरच ते खऱ्या अर्थाने लागू पडतं.

तरीही रुंद टायर कोपऱ्यात जास्त धरतो, हा अनुभव खोटा नाही. कारण रबर आमोंताँचं ऐकत नाही. लाकूड, लोखंड, वीट यांचे कठीण पृष्ठभाग एकमेकांना मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात. रबर मऊ असतं. ते डांबरातल्या खडीच्या फटींत शिरतं, रेणूंच्या पातळीवर खडीला चिकटतं, दाबलं जातं आणि पूर्ववत व्हायला किंचित वेळ घेतं. दाबताना खर्च झालेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, काही उष्णता होऊन जाते. पकड येते ती हे चिकटणं आणि ही ऊर्जाहानी या दोन्हींतून. या व्यवहाराला एक मर्यादा आहे. रबरावरचा दाब वाढत गेला की पकडही वाढते, पण त्या प्रमाणात नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीहून कमीच भरते.

वळणावर नेमकं हेच आड येतं. पोलो जोरात वळवली आणि बाजूचा वेग-बदल गुरुत्वाकर्षणाच्या 0.8 पटीवर गेला, की आतल्या चाकांवरचा सुमारे साडेतीनशे किलो भार बाहेरच्या चाकांकडे सरकतो. दोन्ही बाजूंना सहाशे-सहाशे असलेला भार एकीकडे साडेनऊशे आणि दुसरीकडे अडीचशे होतो. बाहेरच्या पुढच्या चाकावर एकट्यावर पाचशे किलोंहून जास्त येतात. आतल्या चाकाने गमावलेली पकड बाहेरचं चाक पुरती भरून काढू शकत नाही, आणि नाक बाहेर ओढलं जाऊ लागतं. टायर रुंद असला तर एवढा भार पेलायला त्याच्यापाशी जास्त हवा आणि जास्त रबर असतं. त्यामुळे तो उशिरा थकतो. भारक्षमता जास्त असल्याने, भाराच्या तक्त्यात बसेल इतकी हवा थोडी कमीही ठेवता येते, आणि तेव्हा ठसा खरोखर मोठा होतो.

दुसरं कारण उष्णतेचं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं. वळताना चाकाचं तोंड आणि गाडीची प्रत्यक्ष दिशा एक नसते. दोन्हींत काही अंशांचा कोन असतो आणि तेवढं रबर रस्त्यावर तिरकं ओढलं जातं. ताशी 80 किलोमीटर वेग, पाच अंशांचा कोन आणि वरचा भार धरून हिशेब केला, तर बाहेरच्या एका पुढच्या टायरमध्ये आठ किलोवॅटच्या आसपास उष्णता तयार होते. घरातला साठवणीचा गीझर दोन किलोवॅटचा असतो. तसे चार गीझर एकाच टायरमध्ये चालू आहेत असं समजा. रस्त्यावर हे दोन-तीन सेकंद चालतं, ट्रॅकवर दर वळणाला. बारीक टायर दोन-चार फेऱ्यांत तापून गुळगुळीत होतो. रुंद टायरमध्ये ही उष्णता जास्त रबरात वाटली जाते, म्हणून त्याला मऊ, चिकट रबर परवडतं. पकड वाढवतं ते हे मऊ रबर. रुंदी त्याला जगवते, एवढंच.

हे ध्यानात ठेवलं की दुकानात पैसे कुठे घालायचे ते ठरतं. काही टायरच्या बाजूवर "ट्रेडवेअर" शब्दापुढे एक आकडा छापलेला असतो. आकडा जितका कमी तितका टायर लवकर झिजणार, आणि रबर बहुधा मऊ. चारशे-पाचशेचा टायर लांब पल्ल्याच्या संसारी गाडीचा, दोनशेच्या आसपासचा हौशी मंडळींचा. चारशेचा 225 लावण्यापेक्षा कमी आकड्याचा 195 लावणारा घाटात पुढे असेल, याबद्दल मला शंका नाही.

फॉर्म्युला वनने 2017 मध्ये पुढचे टायर 245 वरून 305 आणि मागचे 325 वरून 405 मिलिमीटर केले. तिथे वेगात पंख गाडीला तिच्या वजनाहूनही जास्त जोराने खाली दाबतात, म्हणून रुंदी कामी येते. पण रुंद टायर हवा अडवतात आणि वजन वाढवतात. 2026 च्या नियमांत पुढचे टायर 25 आणि मागचे 30 मिलिमीटरने कमी झाले ते यामुळेच. टोयोटाने 2012 मध्ये तर उलटी चाल खेळली. जीटी 86 ही दोनशे पीएसची स्पोर्ट्स कार तिने 215/45 आर 17 टायरवर आणली. प्रियस या पेट्रोल बचतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या गाडीला मिळत तेच हे टायर. मर्यादा लवकर यावी, हळूहळू यावी आणि चालकाला कळावी, म्हणजे साध्या वेगातही मजा येते, असा हिशेब होता. आपल्याकडच्या "चौडा तो बढिया" पंथाला हे पटायचं नाही.

आता पावसाकडे. आपल्याकडे चार महिने तो विचारात घ्यावाच लागतो. रस्त्यावरचं पाणी बाजूला सारायला टायरला वेळ मिळाला नाही, की तो पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी 1960 च्या दशकात विमानांच्या टायरवरून सूत्र बसवलं: पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ काढा, 10.35 ने गुणा, तरंगण्याचा वेग ताशी मैलांत मिळतो. 33 पीएसआयला तो ताशी 96 किलोमीटरच्या आसपास येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना 100 ची मुभा आहे. पाणी खोल असेल आणि खाचा झिजल्या असतील तेव्हाचं हे गणित. पुढे ट्रकच्या टायरवर काम करताना हॉर्न यांनी सूत्रात ठशाचा आकारही आणला. ठसा रुंद आणि आखूड असला की तरंगणं कमी वेगातच सुरू होतं. मधल्या पाण्याला कडेपर्यंत जायला जास्त अंतर आणि कमी वेळ मिळतो. म्हणजे उन्हात टायर मिरवतो ती रुंदी खंडाळ्याच्या पावसात तुमच्या विरोधात जाते. त्यात हवा कमी ठेवली असेल तर आणखी वाईट.

आता पोलोकडे. 185/60 आर 15 चा एकूण व्यास 603 मिलिमीटर भरतो, 195/55 आर 16 चा 621. फरक तीन टक्के. काटा आधी 100 दाखवायचा तेव्हाच्या तुलनेत आता गाडी 103 ने धावते आणि पीकअपही तेवढाच मंदावतो. 205/55 आर 16 घेतला तर व्यास 632 होतो. स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर आतल्या लायनरला घासण्याची शक्यता इथून सुरू होते, काकांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं त्याप्रमाणे. 205/50 आर 16 मात्र 611 वर राहतो, म्हणजे मूळ दोन्ही मापांच्या मध्ये. हे माप मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. 225 चा टायर सहा इंची रिमवर चढवणं हा शुद्ध हट्ट आहे. सहा इंच म्हणजे 152 मिलिमीटर. एवढ्या अरुंद रिमवर रुंद टायरच्या भिंती फुगतात, वळणात त्या लुळ्या पडतात, आणि ज्या धारदार स्टिअरिंगसाठी खर्च केला तेच हरवतं. रिम रुंद घ्यायचा तर त्याचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते, जुळायला हवा, नाहीतर बेअरिंग आणि सस्पेन्शन कुरकुरतात.

भारांक आणि वेगाचं अक्षरही मूळ टायरपेक्षा कमी नको. 84 भारांकाचा टायर 500 किलो पेलतो, 87 चा 545. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंत, व्ही म्हणजे 240 पर्यंत. कायद्याचंही भान असू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीला नेमका हाच मुद्दा आठवतो. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीला कंपनीने दिलेलं माप निवडलं, तर वादाची शक्यता कमी.

तेव्हा पोलोसारख्या गाडीला 195, फार तर 205. उरलेले पैसे चांगल्या रबरात घाला, अलाइनमेंट करून घ्या आणि दर पंधरा दिवसांनी टायर थंड असताना हवा तपासा. खाच 1.6 मिलिमीटरवर आली की कायद्यानेच टायर बाद. पावसाळ्यापूर्वी ती तीनच्या खाली गेली असेल, तर तेवढीसुद्धा वाट पाहू नका.