कोर्टाची पायरी शाळेतच चढलेली बरी



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांतले निम्मे तरी ती पायरी चढून आलेले असतात. बांध कोरला, विहिरीच्या पाण्याची पाळी चुकली, वाटणीपत्रात एखादा गट राहून गेला, की तालुक्याच्या कोर्टात तारीख सुरू. बापाने लावलेला दावा मुलगा चालवतो. इतके करून साक्ष म्हणजे काय, उलटतपासणीत वकील तेच ते फिरवून का विचारतो, हे घरात कोणालाच नीटसे ठाऊक नसते. वकिलाने बोट ठेवले तिथे सही केली, एवढीच आपली माहिती. खत-पाण्याची आणि हंगामाची माहिती इतर पानांवर आहेच. हे पान आपल्या हायस्कुलात जाणाऱ्या मुला-मुलींसाठी राखले आहे.

अमेरिकेत आयोवा नावाचे राज्य आहे. आपल्याकडे उसाचा पट्टा तसा तो मक्याचा पट्टा. हरितक्रांतीचा पाया घालणारे नॉर्मन बोरलॉग याच राज्यातल्या शेतकऱ्याच्या घरी जन्मले. तिथल्या डे मॉइन या राजधानीत १९८४ साली पाच राज्यांतले शाळकरी संघ जमले. आयोवा यजमान, आणि इलिनॉय, मिनेसोटा, नेब्रास्का, विस्कॉन्सिन हे पाहुणे. सामना होता खटला चालवण्याचा. वकील मुलेच, साक्षीदारही मुलेच. त्या पाच संघांच्या मेळाव्यातून पुढे अखिल अमेरिकेची माध्यमिक शाळांची स्पर्धा उभी राहिली. आता आपापल्या राज्यात पहिला आलेला संघ तिथे जातो.

खेळाची रीत अशी. संयोजक एक काल्पनिक खटला लिहून काढतात. त्यात साक्षीदारांची निवेदने, नकाशे, पावत्या आणि लागू पडणारा कायदा, सगळे असते. हा गठ्ठा सर्व संघांना सारखाच मिळतो. एका बाजूला तीन वकील आणि तीन साक्षीदार. प्रास्ताविकाला पाच मिनिटे, आपल्या तीन साक्षीदारांच्या सरतपासणीला मिळून पंचवीस, समोरच्यांच्या उलटतपासणीला वीस, शेवटच्या युक्तिवादाला पुन्हा पाच. गुण द्यायला खरेखुरे वकील व न्यायाधीश बसतात. खटला कोण जिंकला याला महत्त्व नाही. कच्ची बाजू वाट्याला येऊनही ज्याने ती नेटकी मांडली, तो संघ पुढे जातो. संघ कोणत्या शाळेचा हे परीक्षकांना कळू देत नाहीत, नुसता क्रमांक असतो. खटला सुरू झाला की गुरुजींनी तोंड उघडायचे नाही, खूणही करायची नाही.

आणि मुख्य गोष्ट, प्रत्येक संघाला दोन्ही बाजू तयार कराव्या लागतात. एका फेरीत फिर्यादीचे वकील झालेले पोर पुढच्या फेरीत बचावाला उभे राहते.

आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धांना तोटा नाही. भाषण गुरुजी लिहून देतात, मूल पाठ करते, हात वर-खाली करून म्हणून दाखवते, टाळ्या पडतात. मध्येच कोणी प्रश्न विचारला तर गाडी रुळावरून उतरते. इथे पाठांतराचा उपयोग थोडाच. आपल्याच साक्षीदाराला उत्तर तोंडात भरवणारा प्रश्न विचारला, तर समोरचा वकील ताडकन उठून म्हणतो, “हरकत, प्रश्न सूचक आहे.” साक्षीदार “लोक म्हणत होते” असे बोलला, की पुन्हा हरकत, हा ऐकीव पुरावा. न्यायाधीश विचारतात, “तुमचे उत्तर काय?” आणि त्या पोराला उभ्या उभ्या कारण द्यावे लागते. हे नियम आपल्या कोर्टांतही आहेत. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तरी सूचक प्रश्न आणि ऐकीव साक्ष यांचे मूळ तत्त्व बदललेले नाही.

कायदा पाठ असणे वेगळे आणि कोर्टात उभे राहणे वेगळे, याचा सर्वांत मोठा दाखला महात्मा गांधींचा. १८९१ मध्ये ते विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात त्यांना पहिला खटला मिळाला, फी तीस रुपये. प्रतिवादीच्या बाजूने उलटतपासणी घ्यायला उभे राहिले, तर पाय कापू लागले, डोके गरगरले, एकही प्रश्न सुचेना. खाली बसले आणि फी परत केली. हे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवले आहे. पुढे साऱ्या साम्राज्याला प्रश्न विचारणाऱ्या माणसाची ही सुरुवात. मग तालुक्याच्या कोर्टात पहिल्यांदा पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या आपल्या माणसाची बोबडी वळली, तर त्यात नवल काय?

याच कुळातला दुसरा प्रकार म्हणजे नुसता युक्तिवाद. त्यात साक्षीदार नसतात. घडले काय हे दोघांनाही मान्य, वाद कायद्याच्या अर्थाचा, अपिलात चालतो तसा. इंग्रजीत त्याला ‘मूट’ म्हणतात. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सभा, म्हणजे गावकऱ्यांनी एकत्र बसून न्यायनिवाडा करायची जागा. आपल्या चावडीचाच भाऊ म्हणा ना! पुढे लंडनच्या वकिली शिक्षणसंस्थांनी ही पद्धत शेकडो वर्षे चालवली. आपल्या लॉ कॉलेजांतही ती आहे. शाळकरी वयाला मात्र साक्षीदारांचा खटलाच मानवतो, कारण त्यात माणसे असतात.

या स्पर्धेत सगळे आलबेल आहे असे कोणी समजू नये. २००९ साली अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा अटलांटा शहरात होती. मॅसॅच्युसेट्स राज्यातून जिंकून आलेला संघ एका ज्यू शाळेचा. त्यांच्या धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत काम वर्ज्य, आणि स्पर्धेच्या फेऱ्या शनिवारीही. मुलांनी वेळ बदलून मागितली, संयोजक नाही म्हणाले. चार वर्षांपूर्वी असाच पेच न्यू जर्सीच्या एका शाळेबाबत आला होता. तेव्हा सोय केली, पण यापुढे करणार नाही असे संयोजकांनी ठरवले, आणि त्यावरून न्यू जर्सी व नॉर्थ कॅरोलिना ही दोन राज्ये स्पर्धेतून बाहेर पडली. अटलांटात मात्र प्रकरण पेटले. वकील मंडळी बोलू लागली, ज्या न्यायालयात सामने व्हायचे होते तिथल्या मुख्य न्यायाधीशांनीही मुलांची बाजू घेतली, आणि अखेर वेळापत्रक जुळवून ती मुले खेळली. न्याय शिकवायला निघालेल्यांनाच न्याय मागावा लागला, तो असा. आमच्या मते मुलांचे बरोबर होते. पण संयोजकांची बाजू मांडायला सांगितली, तर तीही मांडता येईल. एकासाठी वेळ बदलली की चाळीस संघांचे गणित हलते. आपल्या वार्षिक सभेची तारीख ठरवताना काय होते, ते आठवून पाहावे.

मराठी माणसाला लुटुपुटुचा खटला नवा नाही. साहित्यिकांच्या मेळाव्यांत ‘अभिरूप न्यायालय’ भरते. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. त्यात एका गावी प्रयोगाला आलेली हौशी मंडळी वेळ घालवायला म्हणून खोटा खटला उभा करतात. बघता बघता तो त्यांच्यातल्याच एका शिक्षिकेच्या खऱ्या आयुष्यावर येतो, आणि खेळ म्हणता म्हणता तिची शिकार होते. हे नाटक आठवण्याचे कारण असे की, शाळेत हा उपक्रम करायचा तर खटला संपूर्ण काल्पनिक हवा. गावात चाललेला वाद, वर्गातल्या मुलीविषयीची कुजबुज, भाऊबंदकी, यातले काहीही आत येता कामा नये.

मग खटला कसला घ्यावा? अमेरिकेतला आणून उपयोग नाही. आपल्या मुलांना कळेल असा एक सुचवतो.

समजा, फेब्रुवारी महिना आहे. वरच्या शेतकऱ्याने ऊस तुटून गेलेल्या रानात पाचट पेटवले. (पाचट पेटवू नका, सरीत कुजवा, हे किती वेळा लिहायचे!) दीड तासाने बांधाखालच्या शेतकऱ्याचा उभा ऊस पेटला. जळीत म्हणून तोड लगेच मिळाली, पण वजन घटले, वर कपातही झाली. खालच्याने नुकसानभरपाईचा दावा केला. वरचा म्हणतो, “मी आग विझवून घरी गेलो होतो. तुमच्या फडावरून विजेच्या तारा गेल्यात, त्या वाऱ्याने एकमेकींना लागल्या, ठिणगी तिथून पडली.”

खालच्याचे साक्षीदार तो स्वतः, तोडणी टोळीचा मुकादम आणि शेतकी खात्याचा चिटबॉय. वरच्याचे साक्षीदार तो, त्याची बायको आणि वायरमन. कागद म्हणून तलाठ्याचा पंचनामा, गटाचा नकाशा आणि काट्यावरची वजनपावती. आता यात मुद्दाम खाचखळगे ठेवायचे. पंचनामा दुसऱ्या दिवशी झालेला. त्यात वारा कोणत्या दिशेचा होता याची नोंद नाही. मुकादमाने धूर पाहिला, पण आग लागताना पाहिली नाही. बायको म्हणते, मी चार घागरी पाणी ओतले. अर्ध्या एकराच्या पाचटाला चार घागरी पुरतात का, हा प्रश्न विचारायला वकिलीची सनद लागत नाही, शेतकऱ्याचे पोर असले की पुरे. वायरमन म्हणतो, तारा ढिल्या असल्याची तक्रार आमच्याकडे आली नव्हती. म्हणजे तारा ताठ होत्या, असे सिद्ध होते का? नववीच्या मुलांना यावर दोन तास भांडू द्या.

ज्या घरचा ऊस खरोखर कधी जळाला आहे, त्या घरच्या मुलाला आधी वरच्या शेतकऱ्याचे वकीलपत्र द्यावे. सुरुवातीला त्याला ते गिळवणार नाही. पण बचाव उभा करायचा म्हणजे शेजाऱ्याच्या जागी उभे राहून ती दुपार पाहावी लागते, आणि बांधाच्या वादात आपण नेमके तेवढेच करत नाही.

आणखी एक गोष्ट राहते. फडात धूर सर्वांत आधी दिसला असेल तो कोयता चालवणाऱ्या बाईला. मुकादमाचे निवेदन लिहिले, तिचे कोण लिहिणार? तिचे मूल तर अर्धे वर्ष या गावी, अर्धे त्या गावी. साखरशाळेत पोचले तर पोचले. खटल्यात सातवा साक्षीदार घालून ती जागा तिला द्यावी, आणि शक्य असेल तर ते निवेदन टोळीतल्याच एखाद्या मुलीला वाचू द्यावे.

खर्च म्हणाल तर टेबल, खुर्च्या आणि झेरॉक्स. इंग्लंडात अशा स्पर्धा सुट्टीच्या दिवशी खऱ्या न्यायालयांत भरवतात. तिथे कारकून, शिपाई आणि ज्यूरी यांची कामेही मुलेच करतात, त्यामुळे बोलायला बुजणारे पोरही वाया जात नाही. आपल्याकडे फौजदारी खटल्यांतली ज्यूरी १९७३ च्या संहितेने संपली, पण शाळेत ती बसवायला हरकत नाही. मार्गदर्शनासाठी तालुका विधी सेवा समितीकडे मुख्याध्यापकांनी पत्र द्यावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कायद्याची माहिती लोकांपर्यंत नेणे हे त्यांचे कामच आहे. ९ नोव्हेंबर १९९५ रोजी हा कायदा अमलात आला, म्हणून तो दिवस विधी सेवा दिन म्हणून पाळतात. नेमका गळिताच्या तोंडावर येतो, पण शाळेच्या वेळापत्रकाला त्याची अडचण नाही.

ज्या सभासदांकडे जुने पंचनामे, मोजणीचे नकाशे किंवा निकाली निघालेल्या दाव्यांच्या नकला पडून असतील, त्यांनी नावे आणि गट नंबर काळ्या शाईने नीट खोडून त्यांच्या झेरॉक्स जवळच्या हायस्कुलात द्याव्यात. खरा पंचनामा कसा लिहितात, हे मुलांना त्यावरूनच कळेल. मूळ कागद मात्र कोणालाही देऊ नयेत.