गाथेतून बारा अभंग

आषाढ शुद्ध एकादशी समीप आली, की अवघ्या महाराष्ट्राचे चित्त पंढरीकडे धाव घेऊ लागते. आळंदीहून ज्ञानोबांची आणि देहूहून तुकोबांची पालखी निघते, चंद्रभागेचे वाळवंट वैष्णवांनी भरून जाते. ज्यांना प्रपंचाच्या ओढीमुळे वारी घडत नाही, असे असंख्य भाविक आपल्या ठायीच विठुरायाला आळवितात. नव्या मुंबईतही ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत वसाहतींची सभागृहे, गावठाणांतील देवळे आणि घरांचे दिवाणखाने यांतून टाळमृदंगाचा नाद उठू लागतो. एकादशीच्या सायंकाळच्या भजनासाठी मंडळांच्या बैठका भरतात आणि पहिल्याच बैठकीत प्रश्न उभा राहतो : यंदा गावयाचे काय?

प्रश्न दिसतो साधा, परंतु आहे कठीण. हाती वेळ असतो दोन तासांचा. एका अभंगाला आठ-दहा मिनिटे धरली, तर गजर आणि आरती वगळून जेमतेम बारा अभंग होतात. एकट्या तुकोबांच्या गाथेत चार हजारांहून अधिक अभंग. त्यात ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, जनाबाई, चोखोबा, सावतोबा, गोरोबा यांची भर घातली, तर हा सागर ओंजळीत घेण्यासारखेच आहे. म्हणून निवडीला विवेक हवा. आमच्या मते या विवेकाचे निकष आपल्याच परंपरेत आहेत; ते नव्याने शोधण्याचे कारण नाही.

चहू दिशांच्या चाली

दि. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर हे नगर उभे राहू लागले. तेथील आगरी-कोळी बांधवांच्या देवळांतून त्यापूर्वीही हरिनाम सप्ताह होत होते, पखवाज घुमत होता. पुढे मुंबईतील घाऊक बाजार येथे आले. त्यांच्यासमवेत सातारा-सांगलीकडील माथाडी कामगार कोपरखैरणे, घणसोली येथे स्थिरावले आणि त्यांच्या गळ्यातील तुळशीमाळेबरोबर घाटावरची वारकरी चालही आली. कोकणातील कुटुंबांनी पेटी, झांज आणि बुवांच्या डबलबारीची परंपरा आणली. विदर्भातून आलेल्यांनी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आणि सामुदायिक प्रार्थना आणली.

या साऱ्यांचे दैवत एक, अभंगही बहुधा तेच. चाली मात्र निरनिराळ्या. घाटावरच्या दिंडीत वीणेकरी मध्ये उभा असतो, टाळकरी दोन रांगांनी पावली घालतात आणि पेटीचे नावही नसते. कोकणच्या संगीत भजनात पेटीवाचून बुवांचे पान हालत नाही. एकाच इमारतीतील दहा घरांतून एकच अभंग दहा चालींनी म्हटला जातो, ही या नगराची श्रीमंती आहे. परंतु एकत्र बसून गावयाचे ठरले, की हीच श्रीमंती वादाचे कारण होते. मग कोणाच्याच घरची नसलेली, सर्वांनी ध्वनिमुद्रिकेवर ऐकलेली चाल घेऊन वाद मिटविला जातो. वाद मिटतो खरा. पण दहा चालींपैकी नऊ मूक होतात.

क्रम हा मार्ग आहे

निवडीआधी क्रम ध्यानी घेतला पाहिजे. वारकरी भजनाला पूर्वसूरींनी घालून दिलेली शिस्त आहे. पहाटेच्या काकड्यात भूपाळ्या, वासुदेव, आंधळे, पांगुळ, गौळणी आणि काला असा ठरलेला प्रवास असतो. सायंकाळी ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे २७ अभंग होतात. वारांचे अभंगदेखील ठरलेले असतात. संगीत भजनाचीही आपली रीत आहे : प्रथम नामाचा गजर, मग रूपाचा अभंग, त्यानंतर बोधपर अभंग, पुढे गौळण आणि अखेरीस भैरवी.

या क्रमामागे जाणते मन आहे. गजराने विखुरलेले चित्त गोळा होते. रूपाच्या अभंगाने विटेवरची मूर्ती दृष्टीसमोर उभी राहते. देव दिसल्यावाचून बोलणे कोणाशी करावयाचे? मूर्ती ठसली की नाममहिमा, त्यामागून संतमहिमा. मन मऊ झाल्यावरच उपदेश पचतो, आणि उपदेश ऐकल्यावर स्वतःचे उणेपण जाणवून करुणेचे अभंग ओठी येतात. तो भार हलका करण्यासाठी गौळण, हसवून डोळे उघडण्यासाठी नाथांचे भारूड, मग देवाजवळचे मागणे आणि शेवटी पसायदान. क्रमाने गेले, तर दोन तासांत जणू पायरीपायरीने महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोचणे घडते. केवळ रंगणारी पदे एकापुढे एक लावली, तर कार्यक्रम होतो. भजन होत नाही.

बारा अभंगांची वाटणी या मार्गावर सहज बसते. रूपाचे दोन, नामाचे दोन, संतमहिमा एक, उपदेशाचे दोन, करुणेचे दोन, गौळण एक, भारूड एक, मागण्याचा एक. पसायदान या गणतीबाहेर ठेवावे. तो प्रसाद आहे. प्रत्येक जागेसाठी संत निरनिराळे निवडले, तर चार शतकांची संतमांदियाळी एका बैठकीत भेटते. करुणेची जागा तुकोबांची, गौळणीची ज्ञानदेव किंवा नाथांची, भारुडाची तर नाथांचीच, नामाची नामदेवांची. जनाबाई आणि सोयराबाई यांनाही त्यांचे स्थान द्यावे.

मुद्रा पाहावी

आता एका नाजूक गोष्टीचा विचार करू. भाविकांच्या ओठी असलेले प्रत्येक विठ्ठलगीत संतांचे असतेच असे नाही. पंडित भीमसेन जोशी यांच्या स्वरांतील ‘इंद्रायणी काठी’ हे गीत ग. दि. माडगूळकरांचे; पु. ल. देशपांडे यांच्या ‘गुळाचा गणपती’ या १९५३च्या चित्रपटासाठी ते रचले गेले. ‘वेडा कुंभार’ म्हणून सर्वांना ठाऊक असलेले गीतही माडगूळकरांचेच, १९६१च्या ‘प्रपंच’ चित्रपटातील. ‘कानडा राजा पंढरीचा’ हे ‘झाला महार पंढरीनाथ’ या १९७०च्या चित्रपटातील. या रचना इतक्या एकरूप होऊन लिहिल्या गेल्या आहेत, की अनेकांना त्या संतवाणीच वाटतात. कवीच्या प्रतिभेला याहून मोठा मान तो कोणता?

त्या गाऊ नयेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु गाताना कवीचे नाव अवश्य सांगावे. ओळखण्याची खूण संतांनीच ठेवली आहे. अभंगाच्या अखेरीस बहुधा नाममुद्रा असते : नामा म्हणे, तुका म्हणे, एका जनार्दनी, आणि ज्ञानदेवांच्या पुष्कळ अभंगांत रखुमादेवीवर विठ्ठल. मुद्रा नसेल, तर गाथा उघडून पाहावी. मंडळाकडून जे ऐकतील तेच मुलांच्या मनी कायमचे बसणार. म्हणून वाणी कोणाची हे नीट सांगणे हादेखील भजनसेवेचाच भाग होय.

याच प्रकारे एक इशारा द्यावासा वाटतो. श्रीनिवास खळे, राम फाटक यांच्यासारख्या संगीतकारांनी आणि भीमसेन जोशी, लता मंगेशकर, किशोरी आमोणकर यांच्यासारख्या थोर गायकांनी अभंग घरोघरी पोचविले. त्यांचे ऋण फिटणारे नाही. परंतु त्यामुळे झाले असे, की जे अभंग ध्वनिमुद्रित झाले तेवढेच अभंग उरले अशी आपली समजूत झाली. एकादशीला दहा मंडळांची भजने ऐकावीत, तर तीच वीस-पंचवीस पदे पुनःपुन्हा कानी येतात. चार हजारांची गाथा अशी नकळत पंचवीस पदांवर येऊन ठेपते. आपण बुडविली नाही, तरी न गाइल्याने गाथा बुडते.

सर्वांना म्हणता यावे

यावर उपाय अभंगाच्या घडणीतच आहे. मोठ्या अभंगाच्या चरणांत अक्षरे सहा, सहा, सहा आणि चार. लहान अभंगाच्या चरणांत आठ आणि आठ. घडण एक असल्याने एका चालीत शेकडो अभंग बसतात. निरक्षर टाळकऱ्यालाही शेकडो अभंग मुखोद्गत असत, त्याचे एक कारण हेच. चार सोप्या चाली मंडळाच्या अंगवळणी पडल्या, की गाथेचे कोणतेही पान उघडून गाता येते. भजनी ठेका वा धुमाळी, दोन्ही आठ मात्रांचे; समोर बसलेल्यांचे हात टाळी देऊ लागतात आणि ध्रुवपद त्यांच्या ओठी आपोआप येते. तानांनी नटलेल्या मैफलीच्या चाली एकट्या गायकाला शोभतात. वीस जणांनी त्या उचलल्या, तर एकोणीस जण मागे पडतात.

पट्टीचाही विचार आधी व्हावा. पुरुषांची पट्टी सामान्यतः काळी एक-दोनच्या आसपास, स्त्रियांची काळी चार-पाचच्या. एकत्र गाताना कोणाला तरी घसा ताणावा लागतो किंवा आवाज खर्जात बुडवावा लागतो. जी चाल एका सप्तकाच्या आत फिरते ती मधल्या पट्टीत सर्वांना पेलते. एरवी एक अभंग स्त्रियांनी व एक पुरुषांनी उचलावा आणि गजर सर्वांनी मिळून करावा. दोन तासांतील निदान आठ अभंग असे असावेत, की प्रथमच आलेला मनुष्य दुसऱ्या आवर्तनाला म्हणू लागेल.

दारी उभा असलेला चोखोबा

एक जागा मात्र आम्ही आग्रहाने मागतो, ती चोखोबांसाठी. ज्या विठ्ठलावाचून चोखोबांना क्षणही करमत नव्हते, त्याच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता. आज त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे. दलित बांधवांना ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरी प्राण पणाला लावून उपोषण केले आणि दार उघडले. हे स्मरण ठेवावयाचे, तर चोखोबांचा वा सोयराबाईंचा अभंग क्रमाच्या मध्यभागी, करुणेच्या जागी ठेवावा. वेळ कमी पडला म्हणून गाळला जाईल अशा ठिकाणी ठेवू नये. सोयराबाईंचा, अवघा रंग एक झाल्याचा अनुभव सांगणारा अभंग किशोरीताईंनी भैरवीत अजरामर केलाच आहे. तो म्हणताना आपल्या वसाहतीतील कोणी दाराबाहेर तर राहिले नाही ना, हेही एकदा पाहावे.

शेजारीही विठ्ठलाचेच आहेत. कन्नड बांधवांच्या पुरंदरदासांची मुद्राच पुरंदर विठ्ठल. तमिळ भजनसंप्रदायात मराठी अभंग आजही गायिले जातात. तंजावरच्या मराठी राजवटीशी त्याचे नाते आहे. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात पूज्य मानली जातात. नव्या मुंबईत ही सारी घरे एका जिन्यावर नांदतात. त्यांतील कोणी एखादे पद म्हणेन म्हणाले, तर त्यांना बोलवावे.

आजीची चाल

सरतेशेवटी सांगावयाचे ते हे. बारांपैकी एक जागा अशा चालीसाठी राखावी, जी कोणत्याही मुद्रिकेवर नाही. फक्त आपल्यातील एखाद्या वृद्धेच्या वा वृद्धाच्या गळ्यात आहे. गाव सोडून येताना भांडीकुंडी आली, देव्हारा आला आणि जात्यावर म्हटलेली ती चालही आली. तिला कागद नाही, कर्ता नाही; तो गळा थांबला की चालही थांबली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी स्वरलेखनाची पद्धती रूढ केली. त्यांच्या परंपरेतील अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे संकुल आपल्या वाशीतच आहे. घरोघरी संगीताच्या परीक्षा दिलेली मुले-मुली आहेत. त्यांनी आजीपुढे बसून ती चाल स्वरांत लिहून घ्यावी, मोबाइलवर मुद्रित करावी, आणि मुख्य म्हणजे गळ्यात बसवावी. एकादशीला आजीने प्रथम चरण उचलावा आणि नातवंडांनी ध्रुवपद धरावे.

असे बारा अभंग झाले, तर पंढरीची वाट न चाललेल्यांनाही वारी घडल्याचे समाधान लाभेल. पुढच्या आषाढीला बारा नवे घ्यावेत, त्यापुढच्या वर्षी आणखी बारा. गाथा सरणार नाही. आपली भूक मात्र वाढत जावी, एवढीच पांडुरंगचरणी प्रार्थना. रामकृष्णहरी!