मेंदूचे मुद्रितशोधन

मुद्रितशोधनात माझी पंचवीस वर्षे गेली. विज्ञान शिकलो ते संध्याकाळी वाचनालयात, नंतर संगणकापुढे. म्हणून मेंदूचे नकाशे करणारे संशोधक आपल्या तपासणीला ‘प्रूफरीडिंग’च म्हणतात हे कळल्यावर मी चमकलो. शब्द नुसता उसना नव्हता. चुकाही आमच्याच होत्या.

मेंदूच्या तुकड्याचे अतिशय पातळ छेद करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येकाची छायाचित्रे घेतात. त्यांत पेशींची पटले काळ्या रेघांसारखी दिसतात. एका छेदातला आकार पुढच्या छेदात कुठे सरकला हे जुळवत गेले, की चेतापेशी फांद्यांसकट उभी राहते. पेशीपेशीला वेगळा रंग देण्याचे पहिले काम आता संगणक करतो. तो मुख्यतः दोन प्रकारे चुकतो : एक पेशी तोडतो, नाहीतर दोन पेशी जोडतो.

प्रुफात ‘आजोबा’चे ‘आजो बा’ झाले तर डोळ्यांत खुपते. पण ‘आज वर’ चिकटून ‘आजवर’ झाले, तर तोही खराच शब्द. नजर पुढे सरकते. पेशींचेही तसेच. तुटलेली फांदी अधांतरी संपते, म्हणून संशय येतो. जोडलेली पेशी मात्र भरदार दिसते. तिच्यात दोन केंद्रके सापडली तर चोरी उघड. एरवी फांद्यांचा घाट विचित्र वाटतो का, एवढाच आधार. पटल जिथे तिरके कापले जाते तिथे रेघ विरून राखाडी डाग उरतो, आणि बरेच घोटाळे तिथेच होतात. अशी एक खोटी जोडणी राहिली, की संदेशाची नसलेली वाट नकाशावर येते आणि कुणीतरी तिच्यावर सिद्धान्त रचतो.

सबॅस्टियन सुंग यांच्या एमआयटीतील प्रयोगशाळेने २०१२ साली ‘आयवायर’ हा खेळ सुरू केला. उंदराच्या दृष्टिपटलाच्या प्रतिमांचे ठोकळे खेळाडूंनी रंगवायचे. एकच ठोकळा अनेकांना मिळतो. इतरांशी जुळेल तसे गुण. मीही रंगवले. एकदा एक बारीक फांदी अशाच डागापाशी सोडून दिली. गुण उत्तम मिळाले, कारण इतरांनीही ती तिथेच सोडली होती. पुढे एका अनुभवी खेळाडूने ती डागापलीकडे धरून दाखवली. चुकीपेक्षा ते गुण मला जास्त लागले.

तेव्हापासून बहुमताच्या आकड्यावर माझा भरवसा कमी झाला. दोघांनी एकमेकांचे न पाहता रंगवावे, आणि जिथे पटत नाही ती जागा गुळगुळीत न करता तशीच नोंदवावी. आम्ही समासात प्रश्नचिन्ह करतो ना, तसे. प्रश्नचिन्हे करणारा शोधक मालकाला आवडत नाही, हे मात्र खरे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘फ्लायवायर’ प्रकल्पाने प्रौढ फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा प्रसिद्ध केला. मेंदू खसखशीएवढा, चेतापेशी १,३९,२५५. रंगवले यंत्राने, पण माणसांनी केलेली तपासणी एकट्याने करायची तर सुमारे ३३ वर्षे लागली असती.

यंत्राआधीचे उदाहरण सूत्रकृमीचे. त्याच्या ३०२ चेतापेशींची जोडणी केंब्रिजच्या संशोधकांनी छायाचित्रांवर हाताने खुणा करून मांडली आणि १९८६ साली छापली. २०११ साली इतरांनी ती पुन्हा तपासून, भर घालून दुरुस्त केली. मूळ छायाचित्रे आणि त्यांवरच्या खुणा कुणीतरी जपून ठेवल्या होत्या.