गाडी अंतर राखते, नजर आपणच ठेवायची

मैत्रिणींनो, दिव्याहून शिळ रस्त्याने कल्याण, पुढे आमणे. तिथून समृद्धी महामार्ग. सपाट भागात मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा. नव्या गाड्यांत तिथे ‘अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल’ लावतात. पुढची गाडी हळू झाली की आपलीही होते. खरंच, पायाला आराम!

पण धोका आहे तो लेनमध्ये बिघडून उभ्या असलेल्या ट्रकचा. चालत्या वाहनामागे अंतर राखायला केलेली ही सोय भर वेगात थांबलेलं वाहन कधी कधी ओळखतच नाही. वळणावर पुढची गाडी रडारच्या टप्प्यातून सुटली, तर आपली वेग पकडते. रडारवर चिखल बसला, पाऊस कोसळला, तरी भरवसा नाही. पाय ब्रेकपाशीच हवा. तो दाबला की यंत्रणा सुटते. शिळफाट्याच्या गर्दीत रिक्षा कुठूनही घुसते, तिथे आम्ही ती लावूच देत नाही.