तेलाचा दाब नेमका कुठे मोजायचा?

डॅशबोर्डवरचं तेलाच्या झारीचं लाल चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. चावी फिरवली की लागतं, इंजिन सुरू झालं की विझतं. घरात चार जणांना विचारा, तिघे सांगतील, "ऑइल कमी झालं की तो दिवा लागतो." खरं तर तेल किती उरलंय हे त्या दिव्याला कळतच नाही. त्याला कळतो फक्त दाब. इंजिनच्या ब्लॉकवर अंगठ्याएवढा एक स्विच असतो. तेलाचा दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेला की आतला कॉन्टॅक्ट जुळतो आणि दिवा लागतो. रस्त्यावर धावणाऱ्या इंजिनला तीन-चार बार दाब असायला हवा. म्हणजे दिवा लागेपर्यंत बरंच काही बिघडून गेलेलं असू शकतं.

आमच्या काकांची गाडी पंचवीस वर्षांची आहे. जपानी घडणीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. गेल्या वर्षी गोव्याहून चोर्ला घाट चढून वर थांबलो की आयडलला हा दिवा मिचमिचायला लागला. जरा रेस दिली की गायब. बेळगावात फिरताना तर कधीच नाही. एक मेस्त्री म्हणाले, स्विच गेलाय, शंभर-दोनशेचं काम. दुसरे म्हणाले, बेरिंग गेलीत, इंजिन उघडावं लागेल. चुलतभावाचं म्हणणं, स्विच बदलूया आणि गाडी विकून मोकळे होऊया. काका म्हणाले, "आधी नेमकं काय झालंय ते तरी बघूया की." आणि माझ्याकडे वळून, "तू कॉम्प्युटरवाला ना, काहीतरी लावून बघ."

माझं बीई कॉम्प्युटरचं. नोकरीत सर्व्हरवर नजर ठेवणारे प्रोग्रॅम लिहितो. तिथे रोज अनुभव येतो की आकडा कितीही अचूक असला, तरी तो कुठून घेतला हे माहीत नसेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणून सेन्सर विकत घेण्याआधी तेलाची वाट समजून घेतली.

तेल खाली संपमध्ये साठतं. तिथून जाळीतून पंप ते ओढतो. पंपाच्या प्रत्येक फेऱ्याला ठरावीक तेल पुढे ढकललं जातं. दाब फार वाढला तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जास्तीचं तेल परत जातं. पुढे फिल्टर, फिल्टरनंतर ब्लॉकमधून लांबच लांब गेलेली मुख्य वाहिनी, जिला गॅलरी म्हणतात. गॅलरीतून क्रँकच्या मेन बेरिंगना, क्रँकमधल्या भोकांतून बिगएंडना, आणि एक फाटा वर कॅमशाफ्टकडे. काम झालं की तेल आपसूक ओघळून संपमध्ये येतं.

राकसकोप भरलं म्हणून शेवटच्या गल्लीत नळाला धार येतेच असं नाही, हे बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. इंजिनचंही तसंच. पंपाजवळ, फिल्टरच्या आधी दाब मोजला तर आकडा छान दिसतो. फिल्टर तुंबला तर उलट आणखी छान दिसतो, आणि बेरिंगकडे मात्र कमी दाबाचं तेल जातं. म्हणून दाबाचा सेन्सर फिल्टरच्या पुढे, गॅलरीवर हवा. पंपापासून जितका लांब, तितका चांगला.

मूळ स्विच काढून तिथे टी-जोड लावायचा, एका तोंडाला स्विच आणि दुसऱ्याला सेन्सर, हा सगळ्यांचा आवडता उपाय. पण सेन्सर जड असतो आणि इंजिन सतत थरथरतं. पितळी जोडाला बारीक तडा जातो, आणि दाबाखालचं तेल तापलेल्या एक्झॉस्टवर उडालं तर आगच लागायची. आम्ही टी-जोडातून फक्त एक जाळीदार होज बाहेर काढला आणि सेन्सर गाडीच्या बॉडीवर बसवला. उद्यमबागेत असा हायड्रॉलिक होज क्रिंप करून घेणं हे भाजी आणण्याइतकं सोपं. मूळ स्विच आणि दिवा तसेच ठेवले. गेज लावला म्हणून दिवा काढणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं.

खरी गंमत आट्यांची. जपानी घडणीच्या बऱ्याच गाड्यांत ह्या स्विचला वन बाय एटचे बीएसपी टेपर आटे असतात, इंचाला २८. बाजारात मिळणारे बरेच गेज अमेरिकन एनपीटी आट्यांचे, इंचाला २७. हाताने दोन-तीन फेरे अगदी सुरळीत बसतात. मग पान्याने आवळलं की तेल तरी गळतं, नाहीतर ब्लॉकचेच आटे जातात. लेथवाल्याने अर्ध्या तासात अॅडॉप्टर करून दिला. टेफ्लॉन टेप मात्र टाळली. तिचा तुकडा गॅलरीत गेला तर नेमका एखाद्या बेरिंगच्या भोकात अडकायचा. शिवाय एकाच वायरीचा सेन्सर असेल तर त्याचं अर्थिंग आट्यांतूनच होतं, आणि टेप ते तोडू शकते.

तापमानाचा सेन्सरही त्याच होजच्या टोकाला लावूया, असं भावाने सुचवलं. सोय झाली असती, पण आकडा खोटा आला असता. त्या होजमधलं तेल वाहत नाही, कोंडून उभं असतं. दाब उभ्या तेलातूनही पलीकडे पोचतो. उष्णता पोचायला मात्र तेल वाहावं लागतं. इंजिनात १२० अंश असताना होजच्या टोकाला साठ-सत्तरच दिसले असते. म्हणून तापमानाचं टोक वाहत्या तेलात बुडलेलं हवं. संपच्या ड्रेन प्लगमध्ये बसवता येतं, पण आपल्याकडच्या स्पीडब्रेकरांचा विचार करता मला ते पटलं नाही. आम्ही फिल्टर आणि ब्लॉक ह्यांच्यामध्ये बसणारी सँडविच प्लेट घेतली. बेरिंगकडे निघालेलं तेल तिथूनच जातं.

दोन्ही सेन्सर एका ईएसपी-३२ बोर्डाला जोडले. दाबाचा सेन्सर साडेचार व्होल्टपर्यंत देतो आणि बोर्डाला ३.३ च्या वर चालत नाही, म्हणून मध्ये दोन रेझिस्टर. प्रोग्रॅम पन्नास ओळींचाही नसेल.

मग काका, भाऊ आणि मी पुन्हा चोर्ल्याला. बेळगावात ८८ अंशांना आयडलचा दाब १.१ बार होता. घाट चढून वर थांबलो तेव्हा तेल ११८ अंश आणि आयडलला दाब ०.४. दिवा मिचमिचत होता आणि खरंच बोलत होता. तेल बरोबर ग्रेडचं, डिपस्टिकवर पूर्ण. पहिल्या मेस्त्रींनी गॅरेजमध्ये तपासलं तेव्हा इंजिन जेमतेम तापलेलं होतं, त्यांना काही दिसणं शक्यच नव्हतं. गरम तेल पातळ होतं आणि बेरिंगच्या फटीतून भराभर निसटतं. नव्या इंजिनात ही फट मिलिमीटरच्या काही शतांश एवढीच असते. ती दुप्पट झाली तर तेवढ्याच दाबाला गळती आठपट होते. म्हणून तापमान न सांगता सांगितलेला दाब हा अर्धाच आकडा.

स्विच बदलून विकायचा विषय घाटातच पुन्हा निघाला. काका एवढंच म्हणाले, "घेणारा पण पोरंबाळं घेऊन ह्याच रस्त्यानं जाणार." संप उतरवला. बेरिंगच्या शेलवर तांबं दिसायला लागलं होतं, पण क्रँकला ओरखडे नव्हते. नुसत्या नव्या शेलवर भागलं. आणखी दोन-चार फेऱ्या झाल्या असत्या तर क्रँक ग्राइंडिंगला गेला असता. पुन्हा घाट चढलो. तेवढ्याच ११८ अंशांना आयडलचा दाब १ बार.

तुमच्या गाडीत काटा असला तरी तो खरा असेलच असं नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून फोर्डच्या कित्येक गाड्यांत काटा होता, पण मागे साधा स्विच. दाब सहा पीएसआयच्या वर असला की काटा मधोमध, बास. खऱ्या दाबाबरोबर हलणारा काटा पाहून गिऱ्हाईक घाबरतं, हे त्यामागचं कारण सांगतात. आजच्या बहुतेक कौटुंबिक गाड्यांत तर काटाही नाही. ओबीडीला जोडणाऱ्या अॅपवर काही गाड्यांत तेलाचं तापमान मिळतं, दाब सहसा मिळत नाही. पाण्याच्या काट्यावरही विसंबू नका. पाणी पाच मिनिटांत तापतं, तेलाला दहा-पंधरा लागतात. तोवर इंजिन जोरात पळवू नये.

चालत्या गाडीत लाल झारी लागली तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊया म्हणायचं नाही. कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं आणि डिपस्टिक बघायची. तेल पुरेसं असूनही दिवा लागला असेल तर गाडी टो करूनच न्यायची. आणि उद्या सकाळी चावी फिरवाल तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी तो दिवा लागतोय ना, तेही बघा. लागत नसेल तर बल्ब, वायर किंवा स्विच गेलाय, आणि दाब गेला तरी तुम्हाला कळणार नाही.