राक्षस मेल्यानंतरचा स्वयंपाक

जपानी कथांतल्या 'इसेकाई'ला मी बरीच वर्षं 'परजग' म्हणतो. 'परलोक' म्हटलं, तर लोक पांढरे कपडे घालून भेटायला येतात. ट्रकखाली सापडून परजगात पोचलेला पोरगा, त्याची तलवार, राक्षसराजाशी युद्ध हे सगळं तुम्हाला पाठ आहे. त्यावर शाई घालवत नाही. माझा जीव अडकलाय तो तिथं जाऊन चूल मांडणाऱ्यांत, दुकान थाटणाऱ्यांत.

मला हा नाद लावला तूवे यान्सनच्या मूमिनांनी. पहिलं पुस्तक १९४५ चं, महायुद्ध संपतासंपतानाचं. फोर्टच्या फुटपाथवर त्या मालिकेतलं एक फाटकं पुस्तक मिळालं, तेव्हा मी नोकरीत नवा होतो. पूर येवो, धूमकेतू येवो, मूमिनआई हातातली पर्स सोडत नाही आणि आल्यागेल्याला उपाशी पाठवत नाही. लोकलमध्ये उभ्यानं वाचताना मला आमची आजीच दिसत होती. पुढं एइको कादोनोंची किकी आली (१९८५), झाडूवर बसून गावभर पार्सलं पोचवणारी. मियाझाकींच्या चित्रपटामुळं ती सगळ्यांच्या ओळखीची आहे, म्हणून पुढं जातो.

"पण यात घडतं काय?" असं आमचे एक समीक्षक मित्र दर दिवाळीला विचारतात. (नाव घेत नाही, ते हा अंक वाचतात.) घडतं की! मिया काझुकी यांची 'होन्झुकी नो गेकोकुजो' घ्या. २०१३ ते २०१७ इंटरनेटवर हप्त्याहप्त्यानं आलेली ही कादंबरी. पुस्तकवेडी तरुणी भूकंपात पुस्तकांखालीच दबून मरते आणि परजगात एका शिपायाच्या पाच वर्षांच्या, सदा तापानं फणफणणाऱ्या मुलीच्या देहात जागी होते. घरात पुस्तक नाही. पुस्तकं फक्त सरदार-दरकदारांकडं. मग स्वतःच करू म्हणते. गवताचे तंतू विणते, जमत नाही. मातीच्या पाट्या करते, भाजताना फुटतात. लाकडाच्या पट्ट्यांवर लिहिते, तर आई त्या सरपण म्हणून जाळते. इथं मी वाचन थांबवलं होतं. माझ्या कवितांच्या वह्यांवरही एकदा आमचा बंब पेटला होता. आईचं काय चुकलं? पाणी तापवायचं होतं.

शेवटी लुट्झ नावाच्या शेजारच्या पोराला हाताशी धरून झाडाची साल वाफवायची, सोलायची, राख घालून शिजवायची, कुटायची, तेव्हा कुठं कागद. तोवर राक्षस एकही मेलेला नसतो, पण तो ओला कागद वाळतो की फाटतो या काळजीनं मी रात्री जागलोय. जन्मभर कागद खरडले; कागदाकडं नीट पाहिलं ते त्या रात्री.

र्योको कुईंच्या 'दनजोन मेशी'त (२०१४ ते २०२३) हीच गंमत ताटात येते. ड्रॅगननं गिळलेल्या बहिणीला सोडवायला निघालेली मंडळी, पण रोजचं जेवण चुकवत नाहीत. सेन्शी हा बुटका तर गोलेमांच्या अंगावरच्या मातीत भाजीपाला पिकवतो! 'फ्रीरेन' ही मालिका तर राक्षसराजा मेल्यानंतरच सुरू होते, एवढं सांगून थांबतो. तिच्यावर सध्या सगळेच लिहितायत.

आणि हल्लीचं पीक? मथळा तीन ओळींचा, नायकाला पहिल्या पानापासून सगळं येतं. अंडी-तेल घुसळून मेयोनीज केलं की राजा खूश, गाव थक्क. त्या जगातल्या बायकांनी जणू कधी चूल पाहिलीच नव्हती! अहो, पहिल्या घाण्याच्या चकल्या विरघळल्याशिवाय भाजणीचा अंदाज येतो का कुणाला? ह्यांची चकली कधी बिघडतच नाही. 'हलकंफुलकं' म्हणजे 'बिनकष्टाचं' अशी समजूत करून घेतलेल्यांनी हा प्रकार बिघडवला, हे माझं मत मी बदलणार नाही.

नवख्यांनी काझुकींच्या पहिल्या पर्वाचे तीन खंड आधी वाचावेत, इंग्रजीत मिळतात. माझी प्रत मात्र मागू नये. मागच्या दिवाळीत दिलेला पहिला खंड अजून परत आलेला नाही.